‘असमर्थ’ हा शब्द लिहिण्याआधी : सोलापुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून वयं आणि काही तपशील बदलले आहेत. कुणाचं नाव घातलेलं नाही, संस्थांचं आणि कार्यालयांचंही नाही. मी यात सामाजिक कार्यकर्ती म्हणून पहिल्या दिवसापासून होते. सर्वांत महागात पडलेली चूक माझ्या हातून झाली, म्हणून हे मीच लिहायला हवं.

पार्श्वभूमी

वडील यंत्रमागावर कामाला होते, दोन वर्षांपूर्वी वारले. आई विड्या वळते. मुलगी तेरा वर्षांची, सातवीत. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. भाड्याची एक खोली, वर पत्रा, पुढं दोन हात अंगण.

विडीकाम कसं चालतं हे ठाऊक नसेल तर पुढचं नीट कळणार नाही. कामगार बाई विडी कंपनीच्या ब्रँचमधून तेंदूची पानं, तंबाखू आणि सूत आणते, घरी विड्या वळते आणि ब्रँचमध्ये नेऊन देते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. चेकर खराब विड्या बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. बाईचं नाव कार्डावर असतं आणि त्या नावाला भविष्य निर्वाह निधी, मुलांची शिष्यवृत्ती असं बरंच काही जोडलेलं असतं. फार दिवस माल दिला नाही तर नाव कमी होईल, ही धास्ती प्रत्येक बाईला असते.

आईला हिवाळ्यापासून खोकला होता. तंबाखूच्या धुरळ्यानं खोकला येतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही, तिनंही नाही. जूनमध्ये खोकल्यातून रक्त पडलं. क्षयरोग निघाला, अशक्तपणा फार होता, रुग्णालयात ठेवून घेतलं. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मुलगी शाळेत गेलीच नाही.

प्रश्न समोर आला तो दिवस

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेजारणीनं संध्याकाळी १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला. घरात मोठं माणूस नाही, मुलाला ताप आहे, पोरगी दिवसभर विड्या वळते, एवढीच माहिती. तासाभरात मी आणि एक सहकारी तिथं पोहोचलो.

मुलगी उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर सूप, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. आम्ही बोलत होतो आणि तिचे हात चालूच होते. पत्र्याच्या मापावर पान ठेवायचं, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, सुताचा वेढा, नखानं तोंड दुमडायचं. तिनं एकदाही खाली पाहिलं नाही. शाळेचं विचारलं तेव्हा शेजारीणच बोलली, “म्याडम, शाळा कुठली आता, घर तीच बघूलालीय की.”

भाऊ आत झोपला होता. त्याच्या उशाशी ओला फडका आणि स्टीलच्या पेल्यात पाणी होतं. तापाची गोळी तिनंच आणून दिली होती, किती वाजता दिली तेही तिला पाठ होतं. अव्वा, म्हणजे आईची आई, दिवसा येऊन भात करून जायची. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडं राहत होती.

त्या रात्री आम्ही मुलाला डॉक्टरकडं नेलं, अव्वाला बोलावून घेतलं, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला फोनवर कळवलं आणि मुलांना घरीच ठेवलं. हा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं. चूक दुसऱ्या दिवशी झाली.

पहिला निर्णय आणि पहिला अहवाल

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक ताब्यात घेतलं, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढं, म्हणजे अशा मुलांनी कुठं राहायचं हे ठरवणाऱ्या समितीपुढं, हजर करावं लागतं. आम्ही मुलांना ताब्यात घेतलेलं नव्हतं. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना समितीपुढं नेलं. मुलगी मजुरी करतेय, रात्री घरात जबाबदार माणूस नाही, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार, ही भीती माझ्या मनात होती. माझ्या कामातले बरेच निर्णय अशाच भीतीतून होतात, हे इथं लिहून ठेवते.

आईला मात्र सांगायचं राहिलं. रुग्णालय वाटेवरच होतं. रिक्षा थांबवून दहा मिनिटं आत जाता आलं असतं, पण समितीची वेळ टळेल म्हणून मी ते संध्याकाळवर टाकलं.

सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. मी घाईघाईनं तीन दिवसांत दिला. त्यात आईबद्दल लिहिलं, ‘आजारपण व आर्थिक परिस्थितीमुळे पालनपोषणास असमर्थ’. आजीबद्दल लिहिलं, ‘वृद्ध, अशिक्षित, दुसऱ्या ठिकाणी वास्तव्यास’. ही वाक्यं मी याआधी कितीतरी अहवालांत लिहिली होती, हात आपोआप तिकडं वळतो. समितीपुढं असतो तो कागद. त्या कागदात आई असमर्थ आणि आजी निरुपयोगी असेल, तर उरतं ते बालगृह. मुलगी मुलींच्या बालगृहात गेली, मुलगा मुलांच्या.

आईला ही बातमी वॉर्डात शेजारणीच्या नातलगाकडून कळली. पोरांना सरकारनं नेलं, एवढंच तिच्या कानावर गेलं. सुट्टी न घेता ती वॉर्डातून निघून आली, कुलूप लावलेल्या खोलीपुढं बसली, नंतर मुलांना शोधत दोन कार्यालयांत फिरली. तिला पुन्हा उपचारावर आणायला अकरा दिवस गेले. क्षयरोगात औषध मध्येच तुटणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला ज्या शब्दांत सांगितलं ते मी विसरणार नाही.

बालगृहातले दिवस

दोन्ही ठिकाणी मुलांना जेवण वेळेवर होतं, मारहाण नव्हती. पण मुलगा अंथरूण ओलं करू लागला. त्याला मराठी येत होतं, तरी घाबरला की तेलुगूतच बोलायचा, आणि रात्रपाळीच्या ताईंना तेलुगू येत नव्हतं. तो पाणी मागतोय की बहीण, हेच त्यांना कळायचं नाही. ज्याच्या पूर्व भागात घराघरांतून तेलुगू कानावर पडतं, अशा शहरात हे घडत होतं.

श्रावणात नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो. पूर्व भागातली मुलं वर्षभर त्या दिवसाची वाट पाहतात. त्या दिवशी राखीपौर्णिमाही असते. मुलीनं बालगृहातल्या ताईंकडून विड्यांचं सूत मागितलं. ते कुठून मिळणार? मग तिनं शिवणाच्या दोऱ्याची राखी केली आणि मला विचारलं, “त्याच्याकडं पोचवता का?” भेटीची परवानगी मागायला हवी हे मला आदल्या दिवशीपर्यंत सुचलं नव्हतं. समितीनं त्याच दिवशी परवानगी दिली, भावंडं तासभर भेटली. परवानगी देणारे तयार असतात, मागणारं कुणी लागतं. आणि मागणं हे माझंच काम होतं.

पर्याय कोणते होते

त्या भेटीनंतर आम्ही प्रकरण पहिल्यापासून उलगडायला बसलो. जिल्हा बाल संरक्षण कक्षातला कार्यकर्ता, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षक, विडी कामगार युनियनमधल्या एक ताई आणि मी.

मुलांना आई बरी होईपर्यंत बालगृहातच ठेवणं हा सर्वांत सोपा पर्याय होता. कुणी आम्हाला दोष दिला नसता. निराधार मुलांना आसरा देण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यात जुनी आहे, पंढरपुरात १८७५ साली बालकाश्रम सुरू झाला. ज्या बाळांना कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी ते दार उघडलं गेलं, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण या मुलांना आई होती, आजी होती. २०१५ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातली तत्त्वं स्पष्ट आहेत: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आमच्या हातून शेवटचा उपाय पहिला झाला होता.

दुसरा पर्याय चुलत्याचा. तो भिवंडीला मागावर कामाला, मुलांना न्यायला तयार. दोन भेटींतच कळलं की पुतणीची सोयरीक त्यानं बायकोच्या माहेरात बोलून ठेवली होती, ‘आत्ता नुसतं बोलणं, लग्न नंतर’. कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय अठरा आहे, आणि लग्नाचा धोका असलेली मुलगी बाल न्याय कायद्यातही संरक्षणाच्या गरजेत मोडते. तो पर्याय तिथंच संपला. समितीपुढं त्याच्याकडून हमीपत्र घेतलं.

राहिला अव्वाचा पर्याय. आम्ही तिला आतापर्यंत नुसतं पाहिलं होतं, विचारलं काहीच नव्हतं. मी तिच्याकडं जाऊन बसले. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या, तीन मुलं वाढवली होती, नातवाला कुठली भाजी चालत नाही हे तिला ठाऊक होतं. लेकीच्या घरी राहायला यायची तयारी होती. अडचण विचारली तर म्हणाली, “पाणी.”

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि कधी कधी रात्री-अपरात्री येतं. त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी मिळून पिंप, कळश्या, बादल्या भरून ठेवायच्या. अव्वाचे गुडघे गेलेले, कळशी उचलायची नाही. मग ते काम मुलीवर येणार, आणि पाण्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा बुडणार. मुलीला बालगृहात जाऊन विचारलं तर तिनंही तेच सांगितलं. “शाळेत जायचंय. पण पाणी कोण भरेल ते आधी ठरवा.” मुलांची वैयक्तिक काळजी योजना भरायचा नमुना असतो. आरोग्य, शिक्षण, भावनिक गरजा, सगळ्यांना रकाने आहेत. पाण्यासाठी नाही.

काय केलं

मी दुसरा अहवाल लिहिला. त्यात एक रकाना स्वतःहून वाढवला: ‘या कुटुंबाला मिळू शकणारी, पण न मिळालेली सेवा’. तो भरताना माझीच मान खाली गेली. विधवा आईच्या मुलांना राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, दोन वर्षांत अर्जच गेला नव्हता. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचंही तेच. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात, बँक खात्याला आधार जोडलेलं नसल्यानं ते अडकले होते. क्षयरुग्णाच्या घरातल्या मुलांची तपासणी व्हायला हवी होती, ती झाली नव्हती. आई असमर्थ होती हे मी तीन दिवसांत लिहिलं. तिला काय मिळालं नाही, हे शोधायला मला सात आठवडे लागले.

दुसऱ्या अहवालात ‘असमर्थ’ हा शब्द नव्हता. ‘आई उपचार घेत आहे, तोवर मुलांची दैनंदिन काळजी आजी घेईल, त्यासाठी पुढील आधार लागेल’, असं लिहून खाली यादी जोडली. कोण, काय, कधीपर्यंत करणार. पाणी भरण्याची जबाबदारी शेजारच्या घरातल्या मुलानं घेतली, त्याचं कामही यादीत लिहिलं. अशी गोष्ट सरकारी कागदात शोभते का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. समितीच्या एका सदस्यांनी नेमका तोच मुद्दा वाचून अव्वाला दोन प्रश्न विचारले.

विडीचं कार्ड हा नाजूक भाग होता. मुलगी आईच्या नावावर माल देत होती ती नाव टिकावं म्हणून. तिचं काम नुसतं बंद करणं म्हणजे आईच्या पोटावर पाय. युनियनच्या ताईंनी वैद्यकीय कागद घेऊन ब्रँचशी बोलणी केली आणि उपचार संपेपर्यंत नाव कमी करणार नाही असं लेखी घेतलं. त्यानंतरच मुलीला सांगितलं की आता वळायची गरज नाही. लगेच तिचा विश्वास बसला नाही. तो कागद तिनं स्वतः वाचला.

शाळेत नाव हजेरीपटावरून कमी केलं होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे शांतपणे, कलम दाखवून सांगितलं. नाव परत लागलं.

आणि कागद. वडिलांचं नाव शिधापत्रिकेवर एका तऱ्हेनं, मृत्यूच्या दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेनं. तेलुगू नावं मराठीत लिहिताना हे घडतंच. प्रतिज्ञापत्र, सेतूतल्या रांगा, उत्पन्नाचा दाखला, घरासमोर मुलांसोबतचा फोटो. आजारी बाईनं हे सगळं एकटीनं केलं असतं असं मानणं चूक आहे. एका कार्यालयात अर्ज तीन आठवडे नुसता पडून होता. दर सोमवारी जाऊन विचारल्यावर तो हलला.

निष्पत्ती

गणपतीच्या आधी समितीनं मुलांना आजीच्या ताब्यात, आमच्या देखरेखीखाली घरी पाठवलं. दोन महिन्यांच्या आसपास ती बालगृहात राहिली. दोघांची क्षयरोगासाठी तपासणी झाली, रोग नव्हता, प्रतिबंधक औषध सुरू झालं. मुलाचं अंथरूण ओलं करणं घरी आल्यावर तीन-चार आठवड्यांत थांबलं.

बालसंगोपनाचे पैसे यायला पाच महिने लागले. मधल्या काळात घर चाललं ते मामानं दिलेल्या तांदळावर, शेजाऱ्यांवर आणि आमच्या संस्थेच्या तातडीच्या निधीवर. तो निधी छोटा आहे आणि त्या वर्षी याच एका घरात निम्मा संपला. दुसरं असं कुटुंब त्याच महिन्यात आलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही.

या प्रकरणाच्या आधारे शहरातल्या काही सामाजिक कार्यकर्त्यांनी मिळून जिल्हा पातळीवर एक निवेदन दिलं. मागण्या चार होत्या. योजनेचा अर्ज मंजूर होईपर्यंतच्या महिन्यांसाठी तातडीची मदत असावी. बालगृहांत तेलुगू आणि कन्नड बोलणारं निदान एक माणूस दर पाळीला असावं. भावंडांची ताटातूट टळत नसेल तर आठवड्याची भेट आदेशातच लिहावी. आणि एकटी आई रुग्णालयात दाखल होते तेव्हा पहिल्याच दिवशी तिला विचारावं, घरी मुलं कुणाकडं आहेत?

शेवटची मागणी सर्वांत लवकर मान्य झाली. एका रुग्णालयाच्या समाजसेवा विभागानं क्षयरोग वॉर्डात तो प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन महिन्यांत त्यातून तीन घरं आमच्यापर्यंत आली. तिन्ही घरांत मुलं घरीच राहिली. भाषेच्या मागणीवर ‘विचाराधीन’ असं उत्तर आलं. भावंडांच्या भेटीचं बरंच सुरळीत झालं. तातडीच्या मदतीचं काहीच झालं नाही, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आईला आधी सांगायला हवं होतं. याला दुसरी बाजू नाही.

पहिल्या रात्री अव्वाला बोलावलं होतं, तर तिथंच तिच्याशी तासभर बोलायला हवं होतं. समितीपुढं जायचंच तर मुलांना आजीसह आणि आधाराच्या यादीसह नेता आलं असतं. मुलांना कुटुंबाकडं ठेवून देखरेख करण्याचा आदेश समिती देऊ शकते. मी तो मागितला नव्हता.

मुलीच्या मजुरीबद्दल तक्रार करायची का, यावर आमच्यात मतभेद झाले आणि अजून आहेत. एका सहकाऱ्याचं म्हणणं, ब्रँचला नोटीस गेली असती तर बाकीच्या घरांतल्या मुलींनाही फायदा झाला असता. त्याचं म्हणणं खोटं नाही. मला त्या घडीला त्या एका घराचं उत्पन्न वाचवणं जास्त निकडीचं वाटलं.

आईचा उपचार संक्रांतीनंतर, गड्डा यात्रेच्या दिवसांत पूर्ण झाला. देखरेखीच्या भेटीला गेले तेव्हा तिनं विचारलं, “ताई, तुमच्या त्या कागदात माझ्याबद्दल काय लिहिलंय?” माझ्या पिशवीत दोन्ही अहवालांच्या प्रती होत्या. मी पहिला वाचून दाखवला. ‘असमर्थ’ तिला कळलं नाही, तिनं लेकीकडं पाहिलं. मुलगी म्हणाली, “चेतकादु.” हातून होत नाही.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे खोडता येतंय का?”

मी सांगितलं की दप्तरातलं खोडता येत नाही, पण दुसरा अहवाल त्यावर लावलेला आहे, आधी तोच वाचला जातो. तिनं लेकीला तो वाचायला लावला. मुलगी उभी राहून, शाळेत धडा वाचावा तसा वाचत गेली. पाण्याच्या ओळीवर थांबली.

“हे बदला,” ती म्हणाली. “चौथ्या दिवशी नाही, आता पाचव्या दिवशी येतं.”

मी पेन काढून तसं लिहून घेतलं.